राजधानीचा पाहुणा
(आकाशवाणीवरून झालेले भाषण)

आजच्या भाषणासाठी मी जो विषय योजिला आहे, तो ऐकून आपणांपैकी कित्येकांस हसू येईल. परदेशचा पाहुणा चंद्रपुरास आला असता त्यास काय दाखवावे, हा तो विषय होय. उन्हाळ्यातील उष्मा, कोळशाची धूळ आणि रानातला वाघ या तीन गोष्टींसाठी ज्या गावाची ख्याती, त्या गावी वाघ वगळला तर पाहण्याजोगे उरते काय, असा प्रश्न आपण कराल. सांगावयास संकोच वाटतो, परंतु साठी उलटेपर्यंत माझे स्वतःचे मतही याहून फारसे निराळे नव्हते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शिक्षक. संशोधकाचा अधिकार मजपाशी नाही. जे सांगणार आहे ते एका पाहुणीने मला शिकविलेले आहे. जन्मभर दुसऱ्यांस शिकविणाऱ्याला म्हातारपणी धडा मिळावा, आणि तोही स्वतःच्याच गावाचा, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे असे वाटल्यावरून आपणांपुढे आलो आहे.

माझी कन्या नोकरीनिमित्त ऑस्ट्रिया देशाच्या राजधानीत, व्हिएन्ना शहरी, राहते. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता महिनाभर तिच्याकडे गेलो होतो. तिच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. त्याही शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही. दोघांमध्ये दुभाष्याचे काम कन्येने केले. तरीही दोन मास्तरांची मने जुळावयास वेळ लागत नाही. बाईंनी आपण होऊन आम्हांस तीन दिवस त्यांची राजधानी दाखविली.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हांस ट्राममध्ये बसविले आणि एका रुंद, वर्तुळाकार रस्त्याने फिरविले. या रस्त्याच्या जागी पूर्वी शहराचा तट होता. १६८३ साली तुर्कांच्या प्रचंड सैन्याने व्हिएन्नाला वेढा दिला, तेव्हा याच तटाने शहर तारले. पुढे शहर वाढले, तटाची अडचण होऊ लागली आणि १८५७ साली सम्राट फ्रान्सिस जोसेफ याने तो पाडण्याची आज्ञा दिली. त्या मोकळ्या झालेल्या जागेवर हा राजमार्ग झाला, आणि त्याच्या कडेने नाट्यगृह, विद्यापीठ, संसदगृह आणि संग्रहालये उभी राहिली. एका चौकाच्या दोन बाजूंस अगदी समोरासमोर दोन भव्य संग्रहालये आहेत; सृष्टिविज्ञानाचे १८८९ साली उघडले आणि कलेचे १८९१ साली. बाई म्हणाल्या, "मी दरवर्षी माझ्या वर्गाची मुले येथे आणीत असे. पुस्तकात वाचलेली वस्तू डोळ्यांनी पाहिल्यावाचून मूल तिच्यावर विश्वास ठेवीत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही एका मठाच्या तळघरात उतरलो. तेथे १६३३ पासून हॅब्सबर्ग घराण्यातील राजेराण्यांना पुरलेले आहे. मारिया थेरेसा या थोर राणीची नक्षीदार शवपेटी एखाद्या खोलीएवढी मोठी, आणि तिच्या पायाशी तिच्या पुत्राची, सम्राट जोसेफ याची, एक साधी तांब्याची पेटी. थाटमाट नको अशी त्याची वृत्ती होती. त्या साध्या पेटीपुढे मी बराच वेळ उभा राहिलो.

तिसऱ्या दिवसाची रात्र ऑपेराची. ऑपेरा म्हणजे आपले संगीत नाटक, पण सबंध गाण्यातच चालणारे. हे नाट्यगृह १८६९ साली बांधले. १८४५ नव्हे, १९४५ च्या मार्चमध्ये, म्हणजे माझ्या वडिलांच्या हयातीत, बाँबहल्ल्यात ते जळाले. युद्धाने उपासमार झालेल्या त्या नगरीने ते पुन्हा उभारले आणि १९५५ साली पडदा पुन्हा वर गेला. तेथे श्रीमंतांच्या खुर्च्या महाग आहेत. परंतु मागील बाजूस उभे राहून पाहणाऱ्यांसाठी थोड्या पैशांत जागा मिळते. बाई विद्यार्थिदशेत कित्येक रात्री तेथे उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. २००० सालापासून त्या देशात वर्षातील एका शनिवारी संग्रहालये रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवतात, आणि एकाच तिकिटावर लेकुरवाळी माणसे या इमारतीतून त्या इमारतीत हिंडत असतात. राजधानीची रात्र म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मद्यालये आणि नाचघरे येतात. ती तेथे नाहीत असे नव्हे. पण बाईंनी मला दाखविलेली रात्र ही होती.

निरोप घेताना रिवाजाप्रमाणे मी म्हटले, "आमच्याकडे अवश्य यावे." असे आपण शंभर जणांस म्हणतो. पण त्या बाई खरोखरच आल्या.

गेल्या हिवाळ्यात माझी कन्या, जावई आणि या बाई ताडोबाच्या अरण्यासाठी म्हणून आले. दोन दिवस रानात गेले. वाघाने दर्शनही दिले. तिसरा दिवस मंगळवार. दर मंगळवारी ताडोबाचे दरवाजे पर्यटकांस बंद असतात, हे आपणांस ठाऊक आहेच. सकाळी चहा घेताना बाईंनी कन्येकरवी विचारले, "तुमच्या वडिलांचे गाव एका राज्याची राजधानी होते असे तू म्हणालीस. ती राजधानी आज पाहू या का?"

श्रोतेहो, माझ्या तोंडी आलेले उत्तर होते, "तेथे पाहण्यासारखे काही नाही." कन्येने माझ्याकडे पाहिले आणि मराठीत म्हणाली, "बाबा, त्यांनी तुम्हांला तीन दिवस हिंडविले आहे." मी मुकाट्याने चपला घातल्या.

प्रथम जटपुरा दरवाजा. या दरवाजातून मी शाळेला जाताना आणि येताना किती हजार वेळा गेलो असेन, देव जाणे! वाहनांच्या गर्दीत मान वर करण्याची सवड कोणास असते? बाई मात्र रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि दगडात कोरलेल्या आकृतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा कोण?" तो गोंड राजांच्या चिन्हातील सिंह होता, त्याने हत्तीस नमविले आहे. हे मला ठाऊक होते, परंतु ते पाहून मी किती वर्षांत उभा राहिलो नव्हतो!

मग माझी जीभ सुटली. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशहा नावाचा राजा वर्धा नदीच्या काठी बल्लारपुरास राज्य करीत होता. त्याच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीस गेला असता तहान लागून त्याने झरपट नदीच्या पात्रातील एका खळग्यातले पाणी प्यायले आणि त्याची व्याधी बरी झाली, अशी आख्यायिका आहे. त्या जागी अंचलेश्वराचे देवालय झाले. पुढे त्याच रानात एक ससा शिकारी कुत्र्याच्या पाठीस लागलेला राजाने पाहिला, आणि राणीच्या सल्ल्याने ससा ज्या वाटेने पळाला तिच्या अनुरोधाने नगराचा तट आखला. ही झाली दंतकथा. पण तट काही दंतकथा नाही. तो पुरा व्हावयास अनेक राजांच्या कारकिर्दी लागल्या. त्यास चार दरवाजे: उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. शिवाय पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. तटाचा घेर सात मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर भरतो.

हा आकडा ऐकून बाई थबकल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या एका भुयारी रेल्वेस्थानकात जुन्या वेशीच्या भिंतीचे थोडेसे दगड जपून ठेवले आहेत. लोक गाडीची वाट पाहताना ते बघतात. तुमच्याकडे अकरा किलोमीटर तट आहे, आणि तुम्ही म्हणालात की पाहण्यासारखे काही नाही?"

मी उत्तर दिले नाही. आपला तट उभा आहे, यात आपली पुण्याई थोडी. त्याच्यावर झाडेझुडपे माजली होती, कचऱ्याचे ढीग पडले होते. २०१७ साली इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी हाती कोयते आणि घमेली घेऊन तट साफ करावयास आरंभ केला आणि महिनेच्या महिने ते काम नेटाने चालविले. त्यामुळेच त्या दिवशी आम्हांस बुरुजावर चढता आले. व्हिएन्नाकरांनी तट पाडला आणि त्या जागेवर संग्रहालये बांधली. आम्ही तट राखला, पण त्यालाच संग्रहालय म्हणून पाहावयास विसरलो. दोहोंपैकी कोणी अधिक गमावले, याचा विचार मी बुरुजावर बसून करीत होतो.

तेथून अंचलेश्वराच्या देवळाशेजारी गोंड राजांच्या समाध्या पाहिल्या. त्यांतील सर्वांत भव्य समाधी बीरशहाची. ती त्याची राणी हिराई हिने बांधविली. अठराव्या शतकाच्या आरंभी राजाचा घात झाला, तेव्हा या विधवा राणीने दत्तक पुत्र रामशहा अल्पवयी असल्यामुळे राज्याचा कारभार स्वतः पाहिला. महाकालीच्या देवळाची उभारणीही तिच्याच नावाशी निगडित आहे. आजही चैत्रात मराठवाड्यातून हजारो यात्रेकरू पायीसुद्धा त्या देवीच्या दर्शनास येतात. ही हकीकत ऐकून बाई म्हणाल्या, "म्हणजे ही तुमची मारिया थेरेसा." मी म्हटले, "हिराई आधीची. तेव्हा मारिया थेरेसा तुमची हिराई." त्या मोकळेपणाने हसल्या. मोठ्या समाधीच्या भोवती लहान, साध्या समाध्या आहेत. त्या पाहताना मला त्या तळघरातील तांब्याची पेटी आठवली.

दुपारी लालपेठेकडे गेलो. तेथे उघड्यावर अजस्र दगडी मूर्ती आडव्या पडल्या आहेत. सर्वांत मोठी दहा मुखांची दुर्गा. लांबी पंचवीस फुटांच्या घरातील. लोक तिला रावण म्हणतात. रायप्पा नावाच्या कोमटी गृहस्थाने एक थोर देवालय बांधावयाचे योजिले, मूर्ती घडविल्या आणि देवालय होण्यापूर्वीच तो मरण पावला. देऊळ झाले नाही; मूर्ती जेथल्या तेथे राहिल्या. बाईंनी दगडावर हात फिरवून छिन्नीच्या खुणा पाहिल्या.

मग तुरुंगाच्या भिंतीवरून गेलो. तेथे पूर्वी गोंड राजांचा वाडा होता. १७५१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांनी हे राज्य घेतले. १८१८ साली इंग्रजांनी तट फोडून शहर जिंकले. आणि इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके या तरुण जमीनदारास २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच ठिकाणी फाशी दिले. त्यावेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. बाईंनी विचारले, "तुमच्या विद्यार्थ्यांना हे पाठ असेल?" मी म्हणालो, "तारीख पाठ आहे." जागा किती जणांनी पाहिली, हे त्यांनी विचारले नाही, हा त्यांचा भलेपणा.

नंतर त्यांनी मला नेमका तो प्रश्न केला ज्याची मला भीती वाटत होती. "या राजधानीतील वस्तू कोणत्या संग्रहालयात आहेत?" मी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे नाव घेतले. १८६३ साली स्थापन झालेले ते संग्रहालय आपण अजबबंगला म्हणून ओळखतो. आणि मग मी मनातील खंत बोलून दाखविली. सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे एक खेडे आहे. तेथील चुनखडीत सापडलेल्या, दगड बनलेल्या माशांचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या विद्वत्सभेच्या नियतकालिकात छापून आले, आणि भूगर्भशास्त्रज्ञ त्या खडकांच्या थराला आजही कोट्याचेच नाव देतात. त्याच थरात, नदीच्या पलीकडील मुलखात, एका महाकाय प्राण्याची हाडे १९६० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी उकरून काढली. त्याच्या मांडीचे हाड पुरुषभर उंचीचे म्हणून त्याच्या नावात 'मोठा पाय' या अर्थाचा बंगाली शब्द घातला, आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे ते दिवस म्हणून त्यांचेही नाव जोडले. बारापासॉरस टागोरी असे त्याचे नाव आहे. त्याचा सांगाडा कलकत्त्यास उभा आहे. तो विद्येच्या घरी आहे, तेव्हा माझी तक्रार नाही. परंतु कोट्याच्या मुलाने स्वतःच्या गावाचे नाव जगातील पुस्तकांत छापलेले आहे हे जाणावे, एवढी तरी इच्छा धरू नये काय? सिरोंच्याजवळ वडधम येथे आता जीवाश्मांचे उद्यान झाले आहे. तिकडे जाणाऱ्याने ते अवश्य पाहावे. तसेच चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळे आहेत. त्यांच्या भिंतींवर कोरलेल्या मूर्तींपुढे संग्रहालयाची दालने फिकी पडतील. महाशिवरात्रीस तेथे मोठी जत्रा भरते. भद्रावतीजवळ विजासनच्या डोंगरातील बौद्ध लेणीही अर्ध्या दिवसात पाहून होतात.

सायंकाळ झाली. जावईबापू म्हणाले, "आता जेवून झोपावे. येथे रात्री काय असणार?" हा प्रश्न मात्र माझ्या अधिकारातला होता. मी म्हटले, "आपल्या राजधानीची रात्र शहरात नसते, ती झाडीत असते."

दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग या झाडीपट्टीत गावोगाव मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्ताने नाटके होतात, हे आपणांस सांगावयास नको. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे नाटक मंडळ्यांचे माहेरघर. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या लोकांनी 'झाडीपट्टी कोठे आली?' असे विचारले असेल. आम्ही मूलच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडील एका गावी गेलो. वाटेत रान लागते. वाघाच्या भयाने हल्ली कोणी एकटा निघत नाही; माणसे जथ्याने, गाड्या मागेपुढे ठेवून येत होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी जेवण झाले. त्या रात्री त्या घरी पंधरावीस पाहुणे होते. प्रत्येक घरी तसेच. नाटकाच्या निमित्ताने लेकीबाळी माहेरी येतात, सोयरीकी बोलल्या जातात, जुने रुसवे निघतात. भात, वरण, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी बाईंनी आमच्याप्रमाणेच पाटावर बसून खाल्ली.

साडेदहाच्या सुमारास पडदा वर गेला. ऑर्गन आणि तबला वाजू लागला. कापडी मांडवाखाली हजारो माणसे बसली होती. पुढे खुर्च्या, मागे जमिनीवर चटया. आणि सर्वांत मागे, उभे राहून पाहणारे. बाईंनी तिकडे पाहून कन्येला काही सांगितले. कन्या म्हणाली, "बाबा, त्या म्हणतात, मला तेथे नेऊन उभे करा." तासभर त्या उभ्या राहिल्या. भाषा त्यांना कळत नव्हती. पण नायिकेच्या बापाने घर गहाण टाकले तेव्हा भोवतालच्या बायकांनी पदर डोळ्यांस लावले, आणि यांनीही चष्मा काढून पुसला. एका गाण्यास लोकांनी 'वन्स मोअर' दिला, तेव्हा त्यांनी दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजविल्या. मध्यरात्रीनंतर थंडी वाढली. शेजारच्या एका म्हाताऱ्या आजीने आपली अर्धी गोधडी काही न बोलता बाईंच्या खांद्यांवर टाकली, आणि मग दोघी पहाटेपर्यंत एका गोधडीत बसल्या. आजींनी त्यांस नाटकातील सारे नाते समजावून सांगितले, तेही झाडीबोलीत. बाई मान हालवीत होत्या. त्यांना काय समजले हे मी विचारले नाही.

पहाटे परतताना गाडीत सर्वजण डुलक्या घेत होते. बाई जाग्या होत्या. त्या कन्येला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना विचार. मी माझ्या शहराची वाट तुम्हांला दाखविली, कारण माझ्या गुरूंनी ती मला दाखविली होती. यांच्यामागे हे सारे कोण दाखवील?"

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. नोकरीची सारी वर्षे मी मुलांकडून युरोपच्या नकाशावर डॅन्यूब नदी आणि तिच्या काठचे व्हिएन्ना शहर घोकून घेतले. त्यांना झरपट कोठून वाहते हे मी कधी विचारले नाही. तट शाळेपासून अर्ध्या मैलावर होता. त्यावर एकही वर्ग मी कधी चढविला नाही. यात शाळेचा दोष नव्हता, वरिष्ठांचा नव्हता, पैशाचा तर नव्हताच. दोष मास्तरांचा होता, म्हणजे माझा.

त्यानंतर मी एक लहानसा नेम केला आहे. महिन्यातून एका मंगळवारी, शाळा सुटल्यावर, आमच्या गल्लीतील सात-आठ मुलेमुली घेऊन मी एका दरवाजापाशी जातो. आज जटपुरा, पुढील खेपेस बिनबा. भाषण करीत नाही. सिंह दाखवितो आणि विचारतो, "हा कोण?" जे मूल ओळखते, त्याने पुढील महिन्यात आपल्या घरच्या एका तरी माणसाला आणावे, एवढीच अट. परवा एका मुलीने आपल्या आजीला आणले. आजी साठ वर्षे याच शहरात राहिलेली. तिने बुरुजावरून प्रथमच आपले घर पाहिले.

आपणांस माझी विनंती एवढीच आहे. ताडोबाला येणारे पाहुणे वाढत आहेत, ते वाढोत. परंतु मंगळवारी त्यांनी विचारले की आज काय पाहावे, तर 'काही नाही' असे म्हणू नका. हिवाळा असेल तर सकाळी त्यांना तटावर न्या, दुपारी हिराईने बांधविलेल्या समाधीपाशी न्या, आणि रात्री नाटकाला न्या. सोबत आपले एखादे मूल अवश्य घ्या. पाहुणा चार दिवसांनी जाईल. मूल येथेच राहणार आहे.